अजिंठ्याची वाटणी

हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन वाटे होणार हे ज्या उन्हाळ्यात नक्की झालं, त्याच उन्हाळ्यात आमच्या चित्रकार मंडळाला अजिंठ्याची आठवण झाली. तोवर कोणाला अजिंठ्याचं काही पडलेलं नव्हतं. लेणी आपल्याच राज्यात होती, कधीही जाऊन बघता आली असती, म्हणून एकजण सोडला तर कोणी बघितली नव्हती. पण मराठवाडा मुंबईकडे जाणार आणि त्याच्याबरोबर लेणीही जाणार हे कळल्यावर एकेकाला कंठ फुटला. भाऊ वेगळे निघाले की माळ्यावरचा पोचे आलेला हंडा सगळ्यांना एकदम प्राणप्रिय होतो, तसं.

मी तेव्हा सुलतान बाजारातल्या एका मराठी शाळेत मुलींना चित्रकला शिकवत होते. बरकतपुऱ्यात वडिलांबरोबर राहत होते. लग्न झालं नव्हतं आणि आता ते होणार नाही हे नातेवाइकांनीही मान्य केलं होतं. वडील महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा सगळा जन्म उर्दूत अर्ज वाचण्यात आणि उर्दूत शेरे मारण्यात गेला. मराठी वर्तमानपत्र ते एकेक अक्षर लावत, पोथी वाचल्यासारखं मोठ्यानं वाचायचे. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे आपण हळू बोलतो आहोत असं समजून ते जे बोलत ते गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. जीभ तिखट. ती मला त्यांच्याकडूनच आली असं सगळे म्हणत. मी ते कधी नाकारलं नाही.

मंडळात मी एकटी बाई. मला सभासद करून घेतलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "बाई, तुमच्यामुळे मंडळाला एक वेगळी दृष्टी मिळेल." पहिल्याच बैठकीत कळलं की ती दृष्टी चहाच्या कपांवर ठेवायची होती.

या अध्यक्षांविषयी सांगायला हवं. ते मराठवाड्यातल्या मोठ्या जमीनदार घराण्यातले. मुंबईत थोडं शिकून आलेले, आणि बरकतपुऱ्यातच आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. निजामी अमदानीत त्यांनी नवाबांच्या तसबिरी काढल्या. नवाबाचं पोट कमी करायचं आणि तलवार वाढवायची हे त्यांना छान जमे. पोलीस ॲक्शननंतर शेरवानी ट्रंकेत गेली, खादी बाहेर आली, आणि तसबिरी पुढाऱ्यांच्या होऊ लागल्या. त्यांचंही पोट कमी होऊ लागलं. आधी अध्यक्ष 'नुमाइश' म्हणत, मग 'प्रदर्शन' म्हणू लागले, आणि त्या उन्हाळ्यात तर 'कलाविष्काराचं दालन' म्हणू लागले. एवढा मोठा शब्द उच्चारताना मध्ये श्वास घ्यावा लागे, पण ते घेत.

दुसरे मोठे चित्रकार अंबरपेठेतले, तेलुगू. यांना ताडाची झाडं फार आवडायची. चित्र कशाचंही असो, मागे ताड. पुढे मोठ्या कुंकवाची, मोठ्या कमरेची बाई. डोळे अर्धे मिटलेले. त्यांच्या सगळ्या बायकांना झोप आलेली असे. माणूस तसा मनानं मोकळा होता, मला 'अम्मा' म्हणायचा, भेटला की घरी जेवायला बोलवायचा. पण आपल्याइतकी माती कोणाच्याच चित्रात नाही हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांचं चित्र बघितलं की मला हात धुवावेसे वाटत.

तिसरे उस्ताद. सगळ्यांत वयस्कर, नदीपलीकडच्या जुन्या शहरातले. तरुणपणी सरकारनं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या, तेव्हा ते त्या कामावर होते. अजिंठा प्रत्यक्ष बघितलेला मंडळात तो एकच माणूस. म्हणून ते नम्र असतील असं कोणी समजू नये. जिथे भिंतीचा गिलावा पडून चित्र नाहीसं झालं होतं, तिथे उस्तादांनी आपल्या मनानं भरलं होतं. कुठे नाक, कुठे हत्तीचा पाय, कुठे आख्खी दासी. आणि कोणी नकलेची तारीफ केली की ते नेमके त्या भरलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणत, "ये देखो. ये हमारा है. असल में इतना अच्छा नहीं था."

प्रदर्शन सुलतान बाजाराच्या मागे एका देवडीत भरलं. देवडी म्हणजे आमच्याकडे नवाबाची हवेली. मालक पाकिस्तानात गेले होते की दिल्लीत, कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, आणि त्यांचा कारभारी दिवाणखाना लग्नांना आणि जलशांना देत असे. छताला झुंबरांचे आकडे होते, झुंबरं नव्हती. विषय ठरला 'अजिंठा आणि आपण'. भिंती वाटल्या गेल्या. उजवीकडची मोठी भिंत अध्यक्षांना, तिच्या समोरची अंबरपेठकरांना. मधली, दोन दारांमधली अरुंद भिंत उस्तादांना. मला बाहेरची पडवी, जिथे चहाचं टेबल होतं.

माझी चित्रं अजिंठ्याची नव्हती. मी लेणी बघितली नव्हती, आणि न बघितलेल्या गोष्टीचं चित्र काढायची कला मला अवगत नव्हती. मी सुलतान बाजारातली कापडाची दुकानं काढली होती. गादीवर बसून ठाण उलगडून बघणाऱ्या बायका, पदराचा काठ चिमटीत धरून उजेडाकडे करणाऱ्या, भाव करताना तळहात पालथा टाकणाऱ्या. शाळा सुटली की मी त्या बाजारातूनच घरी जात असे, वर्षानुवर्षं. अध्यक्षांनी चित्रं बघितली आणि म्हणाले, "घरगुती आहे, पण ठीक आहे. पडवीत शोभेल."

रविवारी सकाळी चर्चा होती. प्रत्येक चित्रकारानं आपल्या भिंतीबद्दल बोलायचं, मग इतरांनी त्यावर बोलायचं. वकील, प्राध्यापक, सरकारी अधिकारी असे बरेच लोक आले. माझे वडीलही आले, पहिल्या रांगेत बसले आणि बसल्याबसल्या म्हणाले, "खुर्ची लग्नाची आहे. टेकता येत नाही." दिवाणखान्यातल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

अध्यक्ष उठले. त्यांच्या भिंतीवर एकच चित्र होतं, दरवाजाएवढं. पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला. आता पद्मपाणी म्हणजे करुणेनं झुकलेली मान, हे मीसुद्धा छापील चित्रांत बघितलं होतं. अध्यक्षांच्या पद्मपाणीची मान मात्र सरळ होती आणि चेहरा नुकताच निवडून आलेल्या माणसासारखा. ते बोलले खूप. महाराष्ट्राचा आत्मा सह्याद्रीच्या गुहेत निद्रिस्त होता, तो आता स्वगृही परततो आहे, आणि मी केवळ त्या आत्म्याचा भारवाही आहे. वाक्यं लांबत गेली तशी त्यांची मराठी घसरू लागली आणि मध्येच दखनीतलं "बोलेतो" निघालं. ते त्यांनी खोकून झाकलं.

तेवढ्यात वडील माझ्याकडे वळून, त्यांच्या मते कुजबुजत, म्हणाले, "अगं, कमळ उजव्या हातात असतं त्याच्या. ह्यांनी डाव्यात दिलंय."

दिवाणखान्यातल्या सगळ्या माना चित्राकडे वळल्या.

"नाना, हळू," मी म्हटलं.

"हळूच बोलतोय. औरंगाबादेस बदली होती तेव्हा दौऱ्यावर आलेल्या साहेबलोकांना मीच दाखवायला न्यायचो. उजवा हात. विचार त्या म्हाताऱ्याला."

म्हातारा म्हणजे उस्ताद. ते दारांमधल्या आपल्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा चढवला, चित्राजवळ गेले, आणि एवढे आनंदित झाले की मला त्यांचा हेवा वाटला. "वाह! जनाब, उलटी तस्वीर से उतारे क्या? छापेवाले ने पलटा दी होगी."

खरी गोष्ट तीच होती. कुठल्यातरी छापखान्यानं उलटी छापलेली तसबीर अध्यक्षांनी चौकोन आखून मोठी केली होती. एखाद्या साध्या माणसानं जीभ चावली असती आणि प्रकरण मिटलं असतं. अध्यक्ष मात्र हसले. म्हणाले, "मला हा प्रश्न अपेक्षितच होता. डावी बाजू हृदयाची. लोकशाहीत करुणा हृदयाच्या बाजूला आली पाहिजे. म्हणून मी जाणीवपूर्वक कमळ डावीकडे घेतलं." आणि पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी मान डोलावून ते वहीत टिपून घेतलं. मी पाहिलं. त्या क्षणी चित्रकलेवरचं माझं प्रेम जितकं कमी झालं तितकं त्याआधी कधी झालं नव्हतं.

अंबरपेठकरांची पाळी आली. त्यांच्या भिंतीवर अजिंठ्याच्या राण्या होत्या, पण डोक्यावर मडकी घेऊन ताडाच्या झाडांखाली निघालेल्या. झोप मात्र त्यांनाही आलेली होती. ते म्हणाले की ही लेणी सातवाहनांच्या काळात सुरू झाली, सातवाहन आंध्रांचे, तेव्हा मुंबईवाले लेणी नेत असले तरी अजिंठ्याचं रक्त तेलुगू आहे.

"सातवाहन पैठण के थे!" अध्यक्ष बसल्या जागेवरून ओरडले.

"पैठन में रहने से क्या होता? हम अंबरपेठ में रहते, तो हम क्या अंबर हो गए?"

"उनकी जबान महाराष्ट्री थी."

"आप सुने थे क्या?"

भांडण पेटलं. आत्मा, माती, रक्त, सगळं बाहेर आलं. एक मराठीचा अभिमानी, एक तेलुगूचा, पण एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि स्वतःच्या भाषेत रागावण्याचा सराव दोघांनाही नव्हता. त्यामुळे मराठी आणि तेलुगू संस्कृतीचं ते महायुद्ध पहिल्यापासून शेवटपर्यंत उर्दूत झालं. वडील मन लावून ऐकत होते. त्या सकाळी त्यांना पूर्ण समजलेलं एवढंच.

मध्ये कोणीतरी उस्तादांना म्हणालं, तुम्ही सांगा, तुम्ही बघितलंय. आता हा माणूस काहीतरी शहाणपणाचं बोलेल अशी मला आशा होती. उस्तादांनी आपल्या नकलेतल्या दासीवर बोट ठेवलं. "बाकी का झगडा तुम कर लो. ये लडकी हमारी है. इसे मैं किसी स्टेट को नहीं देता." आणि मग त्या दासीच्या नाकाविषयी ते पुष्कळ बोलले.

शेवटी अध्यक्षांना माझी आठवण झाली. "बाईंना दोन मिनिटं देऊ या. त्यांनी काही लहान चित्रं केली आहेत." लोक खुर्च्या सरकवू लागले होते. मी उभी राहिले. आदल्या दिवसांत मी पुष्कळ घोकून ठेवलं होतं. रंगांविषयी, बाजारातल्या दुपारच्या उजेडाविषयी, कापड हातात घेतल्यावर बाईच्या चेहऱ्यावर काय येतं त्याविषयी. ते सगळं घशात राहिलं आणि वडिलांची जीभ बाहेर आली.

मी म्हटलं, "अजिंठा कोणाचा ते ठरलं की मला कळवा. आणि कमळ कुठल्या हातात तेही. तोवर बाहेर पडवीत सुलतान बाजार टांगलाय. तो अजून कोणी मागितलेला नाही."

मागचे काही लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "ही चर्चा आहे, बाई. इथे पातळी राखावी लागते."

"तीच शोधते आहे," मी म्हटलं आणि खाली बसले. वडिलांनी विचारलं, "काय म्हणालीस? लोक हसले का?"

त्यानंतर जे झालं ते मी सांगितलं तर अतिशयोक्ती वाटेल. दोन्ही पक्षांनी तिथल्या तिथे मंडळ फोडलं. मराठी कलावंत एकीकडे, तेलुगू एकीकडे. प्रदर्शन अजून आठवडाभर चालायचं होतं, म्हणून दिवाणखान्याच्या मधोमध कारभाऱ्याकडचा लग्नातला कनातीचा पडदा लावायचा ठरला. मग पंख्यावरून वाद झाला, कारण चालणारा पंखा एकच होता आणि तो मराठी बाजूला जात होता. शिडी कोणाची, दिवे कोणाचे, चित्रं टांगायच्या तारा कोणाच्या. दिल्लीत राज्यांच्या सीमा ठरत होत्या म्हणतात. त्या ठरवणारे लोक एवढे मन लावून बसले असतील असं मला वाटत नाही.

मला विचारलं गेलं, मी अर्थातच मराठी बाजूला येणार ना? अध्यक्षांनी मला आत, त्यांच्या पद्मपाणीशेजारी जागा देऊ केली. अंबरपेठकर म्हणाले, "अम्मा, हमारे तरफ आ जाओ, भाषा का क्या है." दोघांनाही दुसऱ्याच्या यादीतून एक नाव कमी करायचं होतं. माझं चित्र अजूनही दोघांपैकी कोणी नीट बघितलं नव्हतं.

उस्तादांना कोणी काहीच विचारलं नाही. पडदा नेमका त्यांच्या भिंतीसमोर आला. त्यांची अर्धी चित्रं इकडे आणि अर्धी तिकडे राहिली, आणि ती दासी तर पडद्याच्या मागेच गेली. मला वाटलं ते आता ओरडतील. पण ते पडवीत आले आणि चहा मागितला. कप हातात घेऊन ते माझ्या चित्रांसमोर थांबले. एकेका चित्रासमोर, चहा गार होईपर्यंत.

मी जवळ गेले नाही. लांबून बघत राहिले. त्या दिवसभरात मला पहिल्यांदाच भीती वाटली.

शेवटी त्यांनी मला बोटानं बोलावलं. "बेटी, हाथां अच्छे हैं."

"जी."

"बहोत अच्छे हैं. ये कपडा पकडी सो हाथ, ये सच्चा है." मग त्यांनी मान हलवली. "नाकां खराब हैं. सब के सब. एक ही नाक सब को लगा दिए तुम."

मला राग आला. घरी जाताना, सायकल रिक्षात चित्रं मांडीवर धरून बसले असताना, तो वाढत गेला. मी प्रदर्शन संपायची वाट न बघता माझी चित्रं काढून घेतली होती. कोणाच्या बाजूला जायचं नव्हतं आणि पडवीत चहाचे कप राखत बसायचं नव्हतं. घरी आल्यावर चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आणि बघितली. म्हातारा खरं बोलत होता. सगळ्या बायकांना एकच नाक होतं. माझं.

पुढच्या महिन्यापासून मी शुक्रवार सोडून, जमेल त्या दुपारी, उस्तादांकडे शिकायला जाऊ लागले. लोकांनी नावं ठेवली. वडील म्हणाले, "ठेवू दे. आपण काय त्यांच्या मर्जीवर जगतो?" उस्ताद वाईट शिक्षक होते. स्वतःच्याच गोष्टी सांगत, माझ्या रेघेवर आपली रेघ ओढत, आणि जिथे माझं बरोबर असे तिथेही 'सुधारून' ठेवत. त्यांची नाकं अजिंठ्याचीही नव्हती आणि हैदराबादचीही नव्हती, ती त्यांच्या डोक्यातली होती. मी ती कधी घेतली नाहीत. पण नाकाकडे बघायला मी तिथे शिकले. राज्य मोडलं त्या आठवड्यात ते म्हणाले, "अब अजंता जाने को बी दूसरे मुल्क जाना बोलो," आणि मग स्वतःच हसले, कारण ते पुन्हा जाणार नव्हते, त्यांचे गुडघे गेले होते.

अध्यक्ष मुंबईला गेले. मराठवाड्याचे कलावंत म्हणून आपलं तिथे स्वागत होईल, एखादी समिती मिळेल, असा त्यांचा हिशोब. तिथल्या चित्रकारांनी त्यांना 'निजामाकडचे' असं नाव पाडलं आणि त्यांच्या मराठीची नक्कल करत चहा प्यायले. दीड-दोन वर्षांत ते बरकतपुऱ्यात परत आले, आणि मुंबईची हवा कलेला पोषक नाही असं सांगू लागले. अंबरपेठकरांचंही फार वेगळं झालं नाही. नवीन राज्यात किनाऱ्याकडचे तेलुगू चित्रकार आले. ते यांच्या तेलुगूत उर्दू शब्द मोजायचे आणि ताडाची झाडं बघून विचारायचे, हे आमच्याकडून घेतलंत का?

मग एक दिवस ते दोघं एकत्र आमच्या घरी आले. एकाच रिक्षातून. नवीन मंडळ काढायचं होतं, खऱ्या, जुन्या, अस्सल हैदराबादी कलावंतांचं. बाहेरच्यांना प्रवेश नाही. बोलणं उर्दूत चाललं होतं, मोठ्या प्रेमानं. मला खजिनदार करायचं ठरलं होतं. मी विचारलं, उस्ताद? त्यांनी एकमेकांकडे बघितलं. "त्यांची तब्येत बरी नसते ना," अध्यक्ष म्हणाले.

मी नाही म्हटलं. नमस्कार करून दारापर्यंत पोचवलं. अंबरपेठकर जाताना म्हणाले, "अम्मा, नाराज नक्को होना." मी नाराज नव्हते. मला फक्त त्यांच्याकडे बघून थकल्यासारखं झालं होतं.

त्या हिवाळ्यात मी शाळेच्या व्हरांड्यात माझी चित्रं लावली. जुनी आणि नवी, नाकं बदललेली. चर्चा ठेवली नाही. मुलींच्या आया आल्या, मुलींना घ्यायला म्हणून, आणि बघत उभ्या राहिल्या. त्यांतली एक, अंगावर जाड शाल, कडेवर मूल, बराच वेळ एका चित्रापुढे होती. गादीवर बसलेल्या दोन बायका ठाण उलगडताहेत, दुकानदार गज घेऊन बसला आहे.

"बाई, हे कोपऱ्यावरचं दुकान ना? हनुमानाच्या देवळाजवळचं?"

"हो."

"ह्याच्याकडून घेऊ नका हो काही," ती म्हणाली. "मापात मारतो." आणि चित्रातल्या दुकानदाराकडे तिनं असं बघितलं की मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. मग शेजारच्या बाईला तिनं बोलावून घेतलं, आणि दोघी मिळून त्याला पुष्कळ बोलल्या.